मापासाठी माणूस

लक्सर, ११ नोव्हेंबर १८९१

लव्हिनिया,

अक्षर ओळखलं असशीलच. पाकीट न फोडताच शेकोटीत टाकावं असं मनात आलं असेल, तर जरा थांब. मी क्षमा मागायला लिहीत नाहीये, आणि तुलाही मागायला लावणार नाही. मला एक वस्तू हवी आहे आणि ती फक्त तुझ्याकडे आहे.

तादरुस गेला. सप्टेंबरात, नदी भरून वाहत होती तेव्हा. ताप आला, उतरला, पुन्हा आला आणि मग उतरलाच नाही. चाळीसाव्या दिवसाची प्रार्थनाही होऊन गेली. त्याच्या आईने, उम्म तादरुसने, इथल्या रीतीप्रमाणे दोन्ही हात कोपरापर्यंत निळीत बुडवून घेतले आणि मग माझं मनगट धरून माझेही बुडवले. कागदाच्या कडेला निळे ठसे दिसतील ते त्या निळीचेच आहेत. घासून जात नाहीत, विटायची वाट बघायची.

आता मुद्द्याचं सांगते. परवा सकाळी जाग आली आणि मला त्याचा चेहरा आठवेना. नाक आठवलं, मिशी आठवली, डाव्या भुवईवरचा व्रण आठवला, पण सगळं मिळून तादरुस काही होईना. माझ्या तोंडचं पाणी पळालं. तशीच स्वयंपाकघरात गेले. म्हातारी पीठ मळत होती.

"त्याचे डोळे कसे होते हो?" मी विचारलं.

"दोन होते," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून जरा नरमली. "बस इथे. कशाला सकाळी सकाळी जिवाला घोर लावून घेतेस? मला नाही बाई पोराचा चेहरा आठवायला कागद लागत."

तिला लागत नसेल, मला लागतो. आपण दोघी कागदावरच वाढलो, तू आणि मी. त्याचा फोटो नाही. एकदा इथल्या ग्रीक फोटोवाल्यासमोर बसवला होता, तर ऐन वेळी त्याला हसू आलं, आणि काचेवर काय उमटलं, तर दोन खांदे आणि वर एक धुरकट कोबी. पुन्हा बस म्हटलं तर म्हणाला, "तुझ्या बहिणीने मला एवढ्या वेळा उभं केलंय, आता बसायला कशाला लावतेस?"

तेच तर सांगायचं आहे. इतक्या वर्षांपूर्वीचा तो हिवाळा आठव. आपण दोघींनी कैरोला शिडाची दहबिया, ती राहायची होडी, भाड्याने घेतली, आणि तो आपला दुभाषा म्हणून आला. चित्रात आभाळ आणि पाणी माझं, दगड आणि माणसं तुझी, अशी आपली लहानपणापासूनची वाटणी. माझी माणसं म्हणजे उभी केलेली गाजरं, असं तूच म्हणायचीस, आणि खरंच होतं ते. देऊळ केवढं आहे ते घरच्यांना कळावं म्हणून तू प्रत्येक चित्रात त्याला मापासाठी उभा करायचीस. सगळेच प्रवासी करतात तसं.

"तादरुस, त्या खांबापाशी."

"बाई, कालच तर उभा होतो खांबापाशी."

"कालचा खांब वेगळा होता."

"खांब वेगळा असेल, पाय माझे तेच आहेत!"

आणि संध्याकाळी वही बघून म्हणायचा, "देवळापेक्षा लहान काढलंत, ठीक आहे. पण गाढवापेक्षाही लहान?" तू तेव्हा हसायचीस, लव्हिनिया. मला नक्की आठवतं.

तुझ्या त्या वहीत पानापानावर तो आहे. मला सगळी वही नको. कर्नाकच्या देवळातल्या मोठ्या खांबांचं पान तेवढं पाठव, ज्यात तो माझी पांढरी छत्री घेऊन उभा आहे. आभाळ मी केलं होतं, म्हणजे अर्धं पान माझंच आहे. छत्री अजून आहे. दाराआड असते, म्हातारी तिने कोंबड्या हाकलते.

हेस्टर

लक्सर, २० जानेवारी १८९२

लव्हिनिया,

तुझं उत्तर मिळालं. टपालाची आगबोट लागली तेव्हा मी धक्क्यावरच होते. पाकीट तिथेच उभ्या उभ्या फोडलं आणि तिथेच वाळूत बसले.

"तू त्याच्याबरोबर राहिलीस त्याच हिवाळ्यात मी त्याला वहीतल्या प्रत्येक चित्रातून स्पंजने पुसून काढलं. तेव्हा पाठवण्यासारखं काही उरलेलं नाही. तुझ्या दुःखाबद्दल वाईट वाटतं."

वाईट वाटतं! चेल्टनहॅमच्या आपल्या घरातल्या त्या खोलीत, आईच्या शेजारी बसून, चहाचा कप जरा बाजूला सारून तू माझा नवरा पुसत होतीस! एक नाही, दोन नाही, पानामागून पान. हात दुखला नाही तुझा? आईने विचारलं नाही, काय करतेस म्हणून? आणि कडा फाटू नयेत म्हणून कागद आधी नीट ओला करून घेतला असशील, मला माहीत आहे ना तू. वाईट कामसुद्धा तू नीटनेटकं करतेस.

आपण शेवटचं बोललो ते दहबियाच्या गच्चीवर. मी म्हटलं, मी ह्याच्याशी लग्न करणार आहे. तू कुंचला धुवत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "हेस्टर, दुभाषा म्हणजे प्रवासाचं सामान. सामानाशी कुणी लग्न करत नाही." तो खाली शिडीवर उभा होता, हातात आपल्या रंगांसाठी रांजणातलं पाणी. नदीचं पाणी गढूळ, आपल्या आभाळात गाळ बसतो म्हणून तो रोज रात्री रांजणाला आतून कडू बदाम चोळून पाणी निवळून ठेवायचा. त्याने ऐकलं. मला कधी म्हणून बोलला नाही. पण पुढे कधी बाजारातून काही जड आणायचं झालं की म्हणायचा, "दे इकडे, सामानावर सामान."

आज एवढंच. पुढे लिहिलं तर जे लिहीन ते वाचणं तुला सोसणार नाही.

२३ जानेवारी

आगबोट चुकली, त्यामुळे पत्र अजून इथेच आहे. राग थोडा बसला आहे. थोडाच.

काल नदीकाठी हॉटेलातल्या बायका चित्रं काढायला बसल्या होत्या. दरवर्षी येतात, बगळ्यांसारख्या ओळीने. एक मिसेस थॉर्नबी म्हणून कर्नलसाहेबांची बायको आहे. तिने आपल्या वाटाड्याला उन्हात उभं केलं होतं आणि सारखी ओरडत होती, "डावीकडे! अजून डावीकडे! हलू नकोस रे!" तो बिचारा डावीकडे सरकत सरकत खड्ड्यात पडायच्या बेतात होता. मी त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिले की तिला वाटलं मला तिचं चित्र आवडलं.

"तुम्हीही रंगवता?" तिने विचारलं.

"आभाळ रंगवते."

"नुसतं आभाळ?"

"बाकीचं माझी बहीण रंगवते," मी म्हणाले.

तोंडातून असंच निघालं. जणू तू शाल आणायला बोटीवर गेली आहेस आणि आत्ता येशील. घरी येईपर्यंत मी रडत होते, आणि ते तादरुससाठी नव्हतं, हे तुला सांगून टाकते.

रात्री म्हातारीला तुझं पत्र वाचून दाखवलं. वाटलं, शिव्या देईल. तिने विचारलं, "पुसलं म्हणजे किती पुसलं?"

"अगदी. पाण्याने. स्पंजने."

तिने हात पुढे केले. नीळ आता फिकी झाली आहे, पण नखांच्या मुळाशी आणि सुरकुत्यांत तशीच आहे. "हे बघ. मी रोज राख लावून घासते. पाण्याने सगळं जातं म्हणणारीला म्हणावं, भांडी घास जरा."

आणि मग मला सुचलं, लव्हिनिया, आणि इतके दिवस कसं सुचलं नाही ह्याचंच नवल वाटतं. त्याचा झगा तू प्रशियन निळ्याने रंगवायचीस. तो निळा कागदात मुरतो. आणि रंगाखाली तू पेन्सिलीने आधी माणूस आखायचीस, आणि त्या रेघांवरून एकदा पाणी फिरलं की त्या रबरानेही जात नाहीत. तुलाच तर शिकवणीच्या बाईंनी त्यावरून रागावलं होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसंच आहे हे. तू त्याला पुसलंस म्हणतेस, पण तो पुसला गेलेला नाही.

तेव्हा पुसलेलंच पान पाठव. जसं असेल तसं. मला चांगलं चित्र नको आहे.

हेस्टर

लक्सर, ३ मे १८९२

प्रिय लव्हिनिया,

पान आलं. दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून, कोपरे दुमडू नयेत म्हणून आत चिंध्या भरून पाठवलंस. ज्या पानाचा तू एवढा राग केलास त्याचे कोपरे कशाला जपतेस बाई?

इथे आता उकाडा असा आहे की कुंचला कागदावर टेकेपर्यंत रंग वाळतो. मी दार लावून घेतलं आणि खिडकीपाशी पान धरलं. आधी मला हसूच आलं. कर्नाकचे ते प्रचंड खांब तुझ्या चित्रात मेणबत्त्यांच्या स्टँडएवढे झाले आहेत! माणूस काढून टाकलास आणि देवळाचा आकारच गेला. तू लिहिलंस की पाहुणे विचारतात, "हे टेबलावर ठेवायचं काही आहे का?" चांगली खोड मोडली तुझी.

आणि ती छत्री. तीही आहे. पांढरा रंग आपण कधी लावत नव्हतो, पांढऱ्याच्या जागी कागद तसाच कोरा सोडत होतो. जे रंगवलंच नव्हतं ते तू पुसणार कशी? त्यामुळे माणूस गेला आणि छत्री राहिली, अधांतरी, खांबांच्या मध्ये. पाहुण्यांना तो पक्षी आहे म्हणून सांगतेस, हेही तूच लिहिलं आहेस. वाचून मी इतकी हसले की उम्म तादरुस धावत आली, हिला उन्हाने काही झालं की काय म्हणून.

मग मी पान तिरपं धरलं, आणि तो दिसला.

फिकट निळा डाग आहे, धुतलेल्या कपड्यावर राहतो तसा. त्यात तुझ्या रेघा आहेत. जिथे तू जास्त घासलंस तिथे कागदाला लव आली आहे. पण चेहरा नाही, लव्हिनिया. तो कधीच नव्हता. मी एवढे महिने ज्या चेहऱ्यासाठी तळमळले तो तू काढलाच नव्हतास. नखाएवढा माणूस, त्याला कुठला चेहरा असणार! मी पान खाली ठेवलं. एवढ्यासाठी मी तुझ्यापुढे पदर पसरला असं वाटलं.

म्हातारीने पान उचललं. चित्र कसं बघायचं ते तिला ठाऊक नाही, आधी उलटं धरलं, मग मी सुलटं केलं. बराच वेळ बघत राहिली. आणि एकदम ओरडली.

"मेला! बघ, बघ कसा उभा आहे! सगळा भार एका पायावर, बकरीसारखा! लहानपणापासून घसा फोडून सांगत आले, सरळ उभा राहा, कंबर वाकडी होईल. ऐकलं कधी? इथेही तसाच!"

आणि पान छातीशी धरून ती मोठ्याने रडायला लागली. जिला चेहरा आठवायला कागद लागत नव्हता, तीच.

मग मीही नीट बघितलं. उजवा पाय ढिला, कंबर डावीकडे, छत्री खांद्यावर टाकलेली आणि दुसरा हात पाठीमागे, त्यात बहुतेक शेंगदाणे असणार. एकेका रेघेत तो. त्याच्याबद्दल तुला काही माया नव्हती, तरी तू एवढं नीट बघितलंस. आणि गंमत म्हणजे ती उभं राहण्याची लकब दिसली तशी मागोमाग डोळे आठवले, हसू आठवलं, सगळं आपापल्या जागी आलं. आता पान भिंतीवर आहे. तुझी आभारी आहे. हे लिहायला मला जड जात नाही, जाईल असं वाटलं होतं.

पण मी लोभी बाई आहे. सोबत एक चित्र पाठवते आहे. आमच्या घरासमोरचा काठ, खाली धक्का, वर आंबलेल्या पिवळ्या रंगाचं मे महिन्याचं आभाळ. आभाळ बरं जमलं आहे, बाकीचं बघू नकोस. खजुराच्या झाडाखाली मी कागद कोरा सोडला आहे, नखाएवढा. तिथे तो रोज संध्याकाळी उभा राहायचा, येणाऱ्या होड्या बघत. मी तीनदा पेन्सिल टेकवली, तीनदा गाजर उगवलं. मला जमत नाही, तुला जमतं. तू त्याला काढून टाकलंस, आता तूच परत उभा कर.

नसेल करायचं तर कोरंच परत पाठव. पण एक ऐक. मी इथे सुखाने राहिले, आणि इतकी वर्षं प्रत्येक संध्याकाळी आभाळ बघून वाटत आलं की आता कुणीतरी ह्याच्याखाली काहीतरी काढायला हवं. मला तुझी फार आठवण येते.

तुझी
हेस्टर

लक्सर, ६ नोव्हेंबर १८९२

प्रिय लव्हिनिया,

उन्हाळा गेला, पूर आला आणि ओसरला, तुझं एक अक्षरही नाही. मी धक्क्यावर जाणं सोडून दिलं होतं. म्हातारीच जायची. परत येऊन म्हणायची, "आज नाही. उद्याच्या बोटीचा खलाशी जास्त प्रामाणिक दिसतो." काल मात्र लांबूनच तिची हाक ऐकू आली, आणि पाठोपाठ पळणाऱ्या कोंबड्यांचा आवाज.

पाकिटात पत्र नव्हतं. माझंच चित्र होतं.

तो उभा आहे, लव्हिनिया. खजुराखाली, सगळा भार एका पायावर, निळ्या झग्यात. पाठमोरा आहे, नदीकडे तोंड करून. ही तुझी चलाखी मी ओळखली, चेहरा काढायचा प्रश्नच नको! पण छत्री त्याच्या खांद्यावर नाही. त्याने हात लांब करून ती पुढे धरली आहे. आणि छत्रीखाली, धक्क्याच्या पायऱ्या चढून, एक बाई येते आहे. करडी टोपी, काखेत रंगांची पेटी, आणि कंबर मी जेवढी ओळखत होते त्याच्या दुप्पट. तू स्वतःला कधी चित्रात घातलं नाहीस. घातलंस ते खरं घातलंस, हे आवडलं.

म्हातारीने विचारलं, "ही जाडी कोण?"

"माझी बहीण."

"जिने पुसलं ती?"

"तीच."

तिने चित्र आणखी जवळ धरलं. "ह्याने छत्री धरली आहे ना तिच्या डोक्यावर? मग माझं काही म्हणणं नाही. येऊ दे."

मग मी चित्र उलटं केलं. तुझी जुनी सवय, मागे पेन्सिलीने रंगांची टाचणं लिहायची. ती होतीच: झगा, प्रशियन निळा. टोपी, करडी. छत्री, कागद तसाच. आणि सगळ्यात खाली, जणू तोही एखादा रंगच असावा असं, 'डिसेंबर'.

मी तो शब्द किती वेळा वाचला ते सांगत नाही, तुला चढेल. माडीवरची खोली झाडून घेतली आहे. तिथून नदी दिसते, आणि सकाळचं ऊन डोळ्यावर येत नाही. येताना निळा रंग घेऊन ये, इथे मिळतो त्याच्यात खडू असतो. लोकरीचं काही आणू नकोस. उम्म तादरुस तुला बोलेल, पोटभर बोलेल, आणि मग पोटभर जेवायला घालेल. दोन्ही मुकाट्याने घे. पाण्याच्या रांजणाला बदाम आता मी चोळते. त्याच्याइतकं निवळ होत नाही, पण आभाळात गाळ बसत नाही.

छत्री मी कोंबड्यांपासून सोडवली आणि धुऊन वाळत टाकली. एक काडी मोडली आहे, चालेल.

डिसेंबरात वाऱ्याचा जोर असतो, आगबोट नदीच्या मधोमध येते आणि तिथून आमचा काठ फार लहान दिसतो. तुझी नजरही आता पूर्वीची राहिली नसेल. तेव्हा वळणावर आलीस की खजुराच्या झाडाकडे बघ. काठ केवढा आहे ते तुला कळावं म्हणून मी तिथे छत्री घेऊन उभी असेन.

तुझी
हेस्टर